शोभेचं गवत

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले, तरी आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथंच थबकली होती. दुपारी तिची पानं सुरळीसारखी वळत आणि पहाटेच्या दवानं जेमतेम उलगडत. गेल्या सालचा कडबा गावात कुणाकडं उरला नव्हता. बांधावरचं गवत जनावरांनी मुळापासून कुरतडून नेलं होतं. अशा दिवसांत शेतकी साहेबांच्या बायकोनं, शामलानं, आपल्या अंगणात गवत लावलं होतं. नुसतं लावलं नव्हतं, त्याला ती रोज पाणी घालत होती.

"न्हाणीचं पाणी आहे हो," आडाकडं जाणाऱ्या बायका थांबल्या की ती आपणहून सांगायची. "वायाच जायचं नाहीतर."

बायका मान डोलवायच्या. चार पावलं पुढं गेल्या की डोक्यावरच्या रिकाम्या घागरींखालून हसू यायचं.

"गवताला पानी घालत्यात गं. उंद्या दगडाला दूध पाजतील."

"दगडाला तर तूच पाजतीस की सोमवारच्या सोमवारी!"

शामलाला ते ऐकू यायचं. तांब्या हातात तसाच राहायचा. मग ती उरलेलं पाणी एकदम ओतून घरात निघून जायची.

तिचा नवरा राघवेंद्र या गावी बदलून आला त्याला वर्ष झालं होतं. विकास ब्लॉकाच्या जीपनं तो गावोगाव हिंडायचा, शेतकऱ्यांना सुधारलेलं बियाणं आणि खतं समजावून सांगायचा. शामला हैदराबादच्या कॉलेजात बी. ए. झालेली. तिथं वसतिगृहासमोर उंच गवताचे ठोंब होते. संध्याकाळी वारा आला की त्यांचे तुरे एका बाजूला कलायचे. त्यांच्याशेजारी बसून तिनं परीक्षेचा अभ्यास केला होता. तिच्या मैत्रिणीनं, प्रेमलानं, ज्येष्ठात टपालानं बी पाठवलं. तीन पुड्या आणि एक चिठ्ठी. 'तुरे वाळले की वीतभर ठेवून छाटायचं. नवा फुटवा फार सुंदर येतो.'

एका पुडीतल्या गवताला मांजराच्या शेपटीसारखी कणसं आली. दुसऱ्याचे दाणे फुंकरीनंसुद्धा थरथरायचे. तिसरं उंच झालं, रुंद पानांचं, जांभळट तुऱ्यांचं. घरकामाला येणारी सारजाबाई पहिल्या दिवसापासून त्या सगळ्यावर नाराज होती.

"वैनीबाई, रागावू नगा. पन घर उजाड झाल्याबिगर कुनाच्या दारात गवत उगवत न्हाय. मानसं भांडताना शिवी देत्यात तशी, तुज्या दारात गवत उगवंल म्हनून. अन तुमी हातानं लावता!"

"अहो, हे शोभेचं गवत आहे. मुद्दाम लावतात."

"कोन लावतं?"

"मोठ्या शहरात लावतात, बंगल्यासमोर."

सारजाबाई शेणानं माखलेले हात कमरेवर ठेवून त्या उंच ठोंबाकडं पाहत राहिली. "दिसतंय तर ज्वारीच्या चुलत भावासारखं," ती म्हणाली. "दाना मात्र न्हाय. खायाच्या कामाला यायचं न्हाय त्याला पानी कशाला?"

खायच्या कामाचं नाही म्हणूनच ते शामलाला हवं होतं, पण हे बोलायची सोय नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं तो उंच ठोंब वीतभर ठेवून छाटला. छाटलेलं वाळून कडक झालं होतं, ते बंबात गेलं. आणि खरंच, आठ दिवसांत बुडख्यांतून नवा फुटवा आला. पोपटी, लुसलुशीत, हात लावावासा वाटणारा. सगळ्या गावात तेवढाच हिरवा तुकडा.

*

शामलाचा मुलगा मुकुंद दहा महिन्यांचा होता. तो चार महिन्यांचा असताना शामलाला हिवतापानं गाठलं. तीन आठवडे अंगात ताप, वर कोयनेलच्या गोळ्या. उठली तेव्हा छातीत दूध राहिलं नव्हतं. म्हशीचं दूध मुकुंदाच्या पोटात ठरेना. डब्यातल्या पावडरीनं त्याला हगवण लागली आणि चार दिवसांत त्याचे डोळे खोल गेले. ते चार दिवस शामला अजून विसरली नव्हती. दर तासाला ती त्याच्या टाळूवर बोट ठेवून पाहायची, खळगा वाढला की काय.

त्यातून त्याला काढलं ते शेजारच्या पार्वतम्मांच्या गाईनं. पार्वतम्मा लिंगायत विधवा, साठीच्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं लिंग. मुलगा महांतप्पा शेती बघायचा. त्यांची कपिली देवणी जातीची होती, ठिपक्यांची, लांब कानांची, चैत्रात व्यालेली. तिचं दूध निम्मं पाणी घालून बोंडल्यानं पाजलं, आणि पोरगं बाळसं धरायला लागलं. तेव्हापासून रोज सकाळी पार्वतम्मा स्वतः पितळी चरवी घेऊन यायच्या.

त्या दिवशी चरवी नेहमीच्या निम्मी होती.

"कपिली आटाय लागली, बाई," पार्वतम्मा उंबऱ्याशी टेकत म्हणाल्या. "पोटात काय न्हाय तर कासंत कुठनं येईल? शेंगाचं टरफल अन भुस्सा घालालोय. तोंड फिरवती. हिरवं मागती. हिरवं कुठनं आनू?"

"मग आता?"

"आता शिव बघंल."

असं म्हणून त्यांनी अंगणाकडं पाहिलं. फुटव्यावर सकाळचं दव होतं. पार्वतम्मांनी नजर लगेच काढून घेतली, पदर सावरला, आणि मुकुंदाच्या गालाला हात लावून त्या निघून गेल्या. मागितलं काही नाही.

दिवसभर शामलाला ती नजर टोचत राहिली. मुकुंदाला संध्याकाळचं दूध पुरलं नाही. तिनं तांदळाची पेज दिली, ती त्यानं जिभेनं बाहेर ढकलली. राघवेंद्र जीपमधून धुळीनं माखून आला तेव्हा तिनं विचारलं,

"ते गवत कपिलीला घातलं तर?"

"घाल की," बूट काढता काढता तो म्हणाला. "मी तर म्हणणारच होतो. लोक मला गावोगाव विचारतात, साहेब, वैरणीचं काय? आणि माझ्या घरात गवताची बाग. बरं दिसत नाही ते."

"बाधणार नाही ना?"

"गवत?" तो हसला. "शामला, गाय गवतच खाते."

*

सकाळी मुकुंदाला सारजाबाईच्या कडेवर देऊन शामलानं विळा घेतला. कापायची सवय नव्हती. पहिल्याच मुठीला पानाची धार तर्जनीवर ओढली गेली. बोट तोंडात धरून ती पुन्हा बसली. सारजाबाई बघत होती.

"मूठ खालनं धरा, वैनीबाई. अन विळा आपल्याकडं ओढा. तुमी तर कागद फाडल्यावानी करालाव."

दोन पेंढ्या झाल्या. शामलानं त्या छातीशी धरून नेल्या. महांतप्पा शेतावर गेला होता. गोठ्यात पार्वतम्मा शेण भरत होत्या. पेंढ्या बघून त्या उठून उभ्या राहिल्या. मग पदराचं टोक डोळ्याला लावलं.

"पोटच्या पोरागत वाढवलाव की हो तुमी हे."

"मुकुंदासाठीच आहे ना शेवटी," शामला म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी वाटलं. आपण देतोय की घेतोय, ते नीट कळेना.

कपिलीनं आधी हुंगलं. मग जीभ लांब काढून एक घास ओढला, आणि मान वर न करता ती खातच सुटली. तिच्या खाण्याचा कर्रकर्र आवाज ऐकत दोघी उभ्या राहिल्या. वासरू पलीकडच्या दाव्याला ओढ देत होतं. शामलाला किती महिन्यांनी हलकं वाटलं.

ती घरी येऊन चूल पेटवते न पेटवते तोच भिंतीपलीकडून पार्वतम्मांची हाक आली. हाक कसली, नुसता आवाज.

"अय्यो शिवा! महांता! कुनी हाय का रं!"

शामला धावली. कपिली चारी पायांवर थरथरत होती. तोंडाला फेस होता. नाकपुड्या फाकून ती भात्यासारखा श्वास ओढत होती आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या वर येत होत्या. बघता बघता मागचे पाय दुमडले. ती आडवी कोसळली. मान मागं ताणली गेली. गव्हाणीत अर्धी पेंढी तशीच होती.

शामला खांबाला धरून उभी राहिली. पुढं जावं की मागं, ते तिला सुचेना. सारजाबाई मुकुंदाला कडेवर घेऊन मागोमाग आली होती. तिला बघून शामला ओरडली, "त्याला घरात न्या! घरात न्या आधी!" का ओरडली, तेही तिला कळलं नाही.

आळीतून माणसं जमली. महांतप्पा शेतावरून पळत आला. जनावरांचं औषधपाणी करणारा म्हातारा गोरोबा काठी टेकत पोचला. त्यानं गाईची पापणी उलटी करून पाहिली. आतलं मांस लालभडक होतं.

"किरळ लागली," तो म्हणाला. "कवळ्या ज्वारीची. पावसानं ताण दिला की ज्वारीच्या कोंबात इख उतरतं. गूळ काला पान्यात. लई गूळ. हात आवरू नगा."

"ज्वारी कुठली, मामा?" पार्वतम्मा म्हणाल्या. "गाय दावनीलाच हाय. नुसतं गवत खाल्लंय."

"कसलं गवत?"

सगळ्यांच्या माना गव्हाणीकडं वळल्या. गोरोबानं एक काडी उचलली, पान बोटांत मोडलं, दातात धरलं, हुंगलं.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

"शोभेचं आहे," शामला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शोभेचं गवत."

"आता काय शोभा आली बग गोठ्याला," मागून कुणीतरी पुटपुटलं. दुसरं कुणी म्हणालं, "शेतकी सायबाचं बी हाय म्हनं." तिसरी बाई म्हणाली की, इतक्या दुष्काळात हिरवं खाताना बघून दृष्टच लागली असंल, तिचीबी अशीच एक म्हैस गेली होती.

महांतप्पानं गाईचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा उघडला. गोरोबा बांबूच्या नळकांड्यानं गुळाचं पाणी ओतत गेला. निम्मं बाहेर सांडत होतं. मातीत गुळाचा चिखल झाला, त्यावर माश्या बसल्या. पार्वतम्मा गाईच्या पाठीवर हात ठेवून कानडीत काहीतरी म्हणत होत्या, एकच ओळ पुन्हा पुन्हा. शामला घरातला सगळा गूळ घेऊन आली. ढेप फोडताना तिच्या बोटाची जखम उघडी झाली. तिनं ते रक्त साडीला पुसलं आणि ती फोडत राहिली.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा कपिलीनं एकदा शेण टाकलं. श्वास थोडा खाली बसला. उन्हं कलता कलता तिनं पुढचे पाय टेकले, पडली, पुन्हा टेकले आणि उभी राहिली. पाय दारू प्यायल्यासारखे झुलत होते. कुणी हसलं नाही.

*

राघवेंद्र आला तेव्हा बातमी त्याला वेशीवरच कळलेली होती. त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत. खोक्यातली खात्याची पुस्तकं काढून तो भराभरा चाळायला लागला.

"याचं नाव काय? शास्त्रीय नाव?"

"प्रेमलानं लिहिलं नाही."

"नाव माहीत नाही आणि गाईला घातलं?"

"तुम्हीच म्हणालात."

त्यानं पुस्तक मिटलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सगळं उपटून टाक. आजच. उद्या लोक म्हणतील, साहेबानं सांगितलेलं बियाणं पेरलं की काय होतं ते बघा. वर्षभर मी यांच्या मागं लागलोय, शामला."

सारजाबाईला बोलावलं. दोघींनी कुदळीनं ठोंब खणले. मुळं जमिनीखाली हातभर लांब पसरलेली होती, पांढरी, गाठीगाठीची. तोडली की दुसरीकडून निघायची. तीनही गवतांचा ढीग झाला. मांजराच्या शेपट्या आणि थरथरणारे दाणे निरपराध असतील कदाचित, पण आता कोण निवाडा करणार? आणि ढीग टाकायचा कुठं, हा वेगळाच घोर पडला. उकिरड्यावर टाकला तर शेळ्या येतात. ओढ्यात टाकला तर गुरं पितात. पेटवायला घेतला तर ओला, नुसता धुमसला, आणि त्या धुराकडं बघून शामलाला मुकुंदाच्या छातीची काळजी वाटायला लागली. शेवटी परसात कंबरेएवढा खड्डा खणला. माती कोरडी आणि कडक होती. दोघींच्या तळहातांना फोड आले.

"म्या म्हनलं नव्हतं?" सारजाबाई घाम पुसत म्हणाली. मग शामलाचं तोंड बघून तिनं सूर बदलला. "जाऊ द्या. तसं म्या गाईबद्दल न्हवतं म्हनलं."

त्या दोघी खड्ड्यावर माती लोटत असताना महांतप्पा परसाच्या कुंपणाशी आला. अंगावर गुळाचे वाळलेले डाग होते.

"वैनी, एक सांगायचं व्हतं," तो खाली बघत म्हणाला. "आज सकाळी आईचा डोळा लागला व्हता तवा म्या कपिलीला घडीभर बांधावर सोडली व्हती. आपल्या ज्वारीच्या कडंनं. खाल्ली असंल चार ताटं. आईला सांगू नगा. म्हंजी तुमच्या गवतानंच झालं असं काय न्हाय."

"खरंच सोडली होती?"

"सोडली व्हती म्हंतो की."

तो निघून गेला. शामलानं सारजाबाईकडं पाहिलं.

"पार्वतम्मा चांदनीला उठत्यात," सारजाबाई फावडं आपटत म्हणाली. "त्यांचा डोळा सकाळी कवा लागतोय? पन सोडलीबी असंल. आपुन कुटं बघाय गेलो?"

महांतप्पा खरं बोलला, की तिचं मन राखायला बोलला? खरं असेल तर तिनं गवत उगाच पुरलं. खोटं असेल तर तिनं त्यांची गाय जवळजवळ मारली, आणि त्यानं ते आपल्या अंगावर घेतलं. दोन्हीपैकी कशासाठी रडायचं ते तिला ठरवता येईना, म्हणून ती रडली नाही. हात धुवून तिनं मुकुंदाला घेतलं. तो भुकेला होता, तिच्या खांद्याचा पदर चोखत होता.

*

दोन दिवस चरवी आली नाही. आजारी गाईचं पहिलं दूध माणसानं घ्यायचं नसतं, ते वासराला आणि मातीला. ते शामलाला समजत होतं. पण तिसऱ्या दिवशी तरी येईल का, हे विचारायला ती गेली नाही. कुठल्या तोंडानं जायचं? राघवेंद्रानं शेजारच्या गावाहून म्हशीचं दूध आणवलं. मुकुंदानं ते ओकून टाकलं. पेज दिली, ती उतरली नाही. त्याचं रडणं बारीक झालं. शामला पुन्हा टाळूवर बोट ठेवून पाहू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्मा दारात उभ्या होत्या. हातात चरवी, पाव भरलेली.

"एवढंच निघालं," त्या म्हणाल्या. "घ्या."

शामलानं चरवी घेतली. दूध पातळ होतं, किंचित पिवळट. की नेहमीच तसं असायचं? तिला आठवेना.

"बसा," ती म्हणाली. "तापवते."

तिनं दूध चुलीवर ठेवलं. उतू आलं, खाली काढलं, पुन्हा ठेवलं. परत उतू आलं. पुन्हा ठेवलं. पार्वतम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बघत होत्या. बोंडलं विसळून झालं. तरी शामलानं ते परत विसळलं. मग वाटीत चमचाभर दूध घेऊन ती स्वतः प्यायली आणि थांबली. जिभेवर काय शोधायचं, तेच तिला माहीत नव्हतं.

"बाई," पार्वतम्मा म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमी गवत दिलाव. म्या इचारलं का, हे काय हाय म्हनून?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. शामलाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"नाही विचारलंत," ती म्हणाली.

"वासरू दोन दीस पितंय. उड्या मारालंय."

"हो."

"मग पाजा. लेकरू रडालंय."

मुकुंद खरोखरच रडत होता. शामलानं त्याला मांडीवर आडवं घेतलं. बोंडल्याची चोच त्याच्या ओठांशी नेली आणि तिचा हात तिथंच राहिला. त्यानंच मान पुढं करून चोच तोंडात धरली. तो घटाघटा प्यायला. मधे श्वास घ्यायला थांबला, परत प्यायला. बोंडलं रिकामं झालं तरी चोखत राहिला. मग त्याची पापणी जड झाली, मूठ सैल पडली, आणि तो झोपला.

शामलानं त्याला गोधडीवर ठेवलं. ती शेजारी बसली. छाती वर जाते, खाली येते. ओठ नेहमीसारखे. नखं नेहमीसारखी. फेस नाही.

पार्वतम्मांचं काम झालं होतं. घरी शेण तसंच पडलं असणार, भाकऱ्या व्हायच्या असणार, महांतप्पाची न्याहारी राहिली असणार. एरवी चरवी रिकामी झाली की त्या एक पळ थांबत नसत. आज त्या उठल्या नाहीत. सरकत सरकत गोधडीच्या पलीकडच्या बाजूला आल्या आणि गुडघ्यांभोवती हात बांधून बसल्या. गळ्यातलं लिंग त्यांनी मुठीत धरलं होतं.

"जायचं नाही का?" शामलानं हळूच विचारलं.

"जाते की. काय घाई हाय?"

बाहेर आडाकडं जाणाऱ्या बायकांच्या घागरी वाजल्या, लांब गेल्या. सारजाबाई येऊन दारात उभी राहिली, दोघींकडं बघितलं, आणि न बोलता केरसुणी घेऊन मागच्या दारी गेली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, गोधडीच्या काठाशी पोचलं. दोघींची पापणीसुद्धा हलत नव्हती.

मुकुंदानं झोपेत एक मोठा सुस्कारा टाकला, आणि दोघींचे हात एकदमच त्याच्या छातीकडं गेले.